तालुक्याच्या वाचनालयातील संशोधन-साहित्य सेवा: तीन प्रश्नांनंतरचा अभिप्राय

बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने सार्वजनिक वाचनालय आहे. तेथे प्रश्न लिहून दिला, की त्या विषयावरचे मूळ संशोधन-लेख, प्रबंधांतील प्रकरणे किंवा राजपत्रातील अधिसूचना शोधून छापून देतात आणि सोबत एक पानाचे मराठी टिपण जोडतात. शोधण्याचे वीस रुपये आणि छापील पानाला दोन रुपये घेतात. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. गेल्या वर्षभरात घरच्या आणि शेजारच्या निकडीपायी तीन अगदी वेगळ्या विषयांसाठी मी ही सेवा घेतली, त्यामुळे अभिप्राय देण्याइतका अनुभव जमा झाला आहे, असे वाटते.

पहिला प्रश्न वहिनींच्या काविळीचा होता. करोनाच्या काळात सुरू केलेला गुळवेलीचा काढा त्यांनी पुढेही रोज सकाळी चालूच ठेवला होता. गेल्या पावसाळ्यात डोळे पिवळे झाले, तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य, सहाशेच्या पुढे निघाले आणि डॉक्टरांनी काढा ताबडतोब बंद करण्यास सांगितले. घरच्यांना ते पटेना. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कडुलिंबावर चढलेली वेल, तिने कोणाचे काय वाईट होणार, असा सर्वांचा सूर होता. मी वाचनालयात प्रश्न लिहून दिला. आठ दिवसांनी ग्रंथपालांनी मुंबईच्या यकृततज्ज्ञांचा 2021 मधील लेख माझ्यापुढे ठेवला. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची ती नोंद होती. मी तो पिशवीत घालू लागलो, तसे ते म्हणाले, "सर, हा कागद एकटा नेऊ नका." मग त्यांनी आणखी दोन कागद काढले. एक होता आयुष मंत्रालयाचा जुलै 2021 मधील खुलासा. त्यात वनस्पतीची ओळख पटवून घेतलेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा आक्षेप होता. दुसरा होता 2022 मधील, देशातील तेरा केंद्रांच्या 43 रुग्णांचा अभ्यास. त्यात रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांची रासायनिक तपासणी करून ती वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे आपली गुळवेलच असल्याचे दाखवले होते.

या तीन कागदांचा क्रम लावून दिला नसता, तर मी पहिला लेख घरी नेऊन वाद जिंकला असता किंवा कोणीतरी मंत्रालयाचा खुलासा दाखवून तोच वाद माझ्यावर उलटवला असता. मराठी टिपणातील एक मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. अनेक रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर हल्ला करते, त्या आजारासारख्या खुणा आढळल्या होत्या, आणि सुप्त असलेला असा आजार गुळवेलीने उघडा पडत असावा, असा संशोधकांचा कयास होता. ते कागद मी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि अशा आजाराचा माग काढणारी अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडीची तपासणी आपण आधीच लिहून दिल्याचे सांगितले. काढा बंद झाल्यावर वहिनींचे आकडे हळूहळू उतरत गेले. ग्रंथपालांनी स्वतः औषधोपचाराचा एक शब्दही काढला नाही, उलट टिपणाच्या शेवटी "निर्णय डॉक्टरांचा" असे लिहून खाली रेघ ओढली होती. वैद्यकीय कागद देणाऱ्याने एवढी मर्यादा पाळलीच पाहिजे.

या सेवेचा खरा गुण मला येथेच दिसला. मिळालेल्या पहिल्या लेखावर ती थांबत नाही. त्याला दुजोरा देणारा, छेद देणारा किंवा त्याच्यानंतर आलेला दुसरा कागद शोधून मगच गठ्ठा बांधला जातो. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने प्रसिद्धीचे वर्ष लिहिलेले असते, आणि रुग्णांवरचा अभ्यास असेल तर त्याखाली रुग्णसंख्या. "2021, 6" आणि "2022, 43" हे दोन कोपरे शेजारी ठेवले, की अर्धे वाचन तेथेच होते.

दुसरा प्रश्न लोणारच्या विवराच्या वयाचा, माझ्या स्वतःच्या समाधानासाठी होता. लोणारचे विवर आमच्या जिल्ह्यातले. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झाले, हे मी वर्षानुवर्षे शिकवले आणि त्याचे वय बावन्न हजार वर्षे असल्याचेही फळ्यावर लिहिले. तो आकडा उष्मादीप्ती पद्धतीने काढलेला होता. खनिज शेवटचे तापले, त्यानंतर त्यात साठत गेलेल्या ऊर्जेवरून ती पद्धत काळ ठरवते. वाचनालयाने त्या आकड्यासोबत 2011 मधील लेख दिला. आघाताने वितळलेल्या खडकातील पोटॅशियमचा किरणोत्सारी क्षय होऊन आर्गॉन वायू किती तयार झाला, हे मोजून तेथे वय निघाले आहे 5 लाख 70 हजार वर्षे, अधिक-उणे 47 हजार. दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. त्या संध्याकाळी मी माझ्या जुन्या टाचणवहीतील आकडा खोडला आणि संपर्कात असलेल्या चार माजी विद्यार्थ्यांना फोन करून दुरुस्ती कळवली. त्यांतील दोघे आज स्वतः शिक्षक आहेत.

येथे सेवेची एक मर्यादाही सांगायला हवी. 2011 चा तो लेख सशुल्क नियतकालिकातला, म्हणून मला फक्त सारांश मिळाला. 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सशुल्क नियतकालिके एकत्रित वर्गणीतून खुली करणारी योजना शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्थांसाठी आहे. तालुक्याचे सार्वजनिक वाचनालय तिच्यात बसत नाही. त्यामुळे पबमेड सेंट्रल या वैद्यकीय संग्रहातले मुक्त लेख, शोधगंगा या विद्यापीठांच्या संग्रहातले प्रबंध आणि सरकारी संकेतस्थळे एवढ्यावरच येथील काम चालते. छपाई कृष्णधवल आहे, आणि गुळवेलीच्या लेखातील एका आलेखात लाल व निळी रेघ एकाच करड्या रंगाची झाल्याने मला ती संगणकाच्या पडद्यावर पुन्हा पाहावी लागली. लोडशेडिंगच्या दिवशी तेही होत नाही.

तिसरा प्रश्न हवाई कायद्याचा, आणि येथे सेवा चुकली. पुतणीच्या बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आला. शेजारच्या शेतकऱ्याने हरकत घेतली, की कपाशीवर फवारा, पण वळताना माझ्या शेतावरून ड्रोन न्यायचा नाही, जमीन माझी तसे वरचे आकाशही माझे. वाचनालयाने आम्हाला 12 मार्च 2021 चे मानवरहित विमान प्रणाली नियम छापून दिले. पुतणी त्यातील अर्जांची लांबलचक यादी वाचून हबकली आणि पंधरा दिवस ड्रोन गोठ्यातच पडून राहिला. वास्तविक ते नियम त्याच वर्षी 25 ऑगस्टला ड्रोन नियम, 2021 आल्यावर रद्द झाले होते, आणि नव्या नियमांत अर्जांची संख्या पंचविसावरून पाचवर आली होती. फवारणीच्या ऐन हंगामातले पंधरा दिवस म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जी सेवा आजाराच्या बाबतीत दुसरा कागद विसरली नाही, ती कायद्याच्या बाबतीत विसरली, याचे मला मनापासून वाईट वाटले आणि मी तसे तोंडावर सांगितले.

चूक कळताच मात्र ग्रंथपालांनी ती नोंदवहीत माझ्यासमोर लिहिली, छपाईचे पैसे परत केले आणि दोन दिवसांत नवा गठ्ठा दिला. त्यात ऑगस्टचे नियम होते, परवान्याऐवजी प्रशिक्षण संस्थेचे रिमोट पायलट प्रमाणपत्र पुरेसे ठरवणारी 2022 ची दुरुस्ती होती, आणि 1934 च्या विमान अधिनियमाची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतल्याची नोंदही होती. ड्रोनचा वर्ग औषधाच्या टाकीसह कमाल वजनावर ठरतो आणि 2 ते 25 किलोचा ड्रोन 'लहान' गणला जातो, हेही टिपणात स्वच्छ लिहिले होते. आकाशाच्या मालकीसाठी त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1946 चा कॉझ्बी खटला दिला. लष्करी विमाने एका कोंबडीपालकाच्या जमिनीवरून अवघ्या 83 फुटांवरून जात, भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत, आणि शेवटी त्या कोंबडीपालकाचा व्यवसाय बंद पडला. न्यायालयाने जमीनमालकाची मालकी अनंत आकाशापर्यंत जात नाही असे सांगितले, मात्र जमिनीलगतच्या हवेवरचा त्याचा हक्क मान्य केला. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, ही सूचना ठळक अक्षरांत होती. पुतणीने ते टिपण हरकत घेणाऱ्या शेजारच्या काकाजींना वाचून दाखवले. "कोंबड्यावाल्याचं बरोबरच होतं," एवढेच काकाजी म्हणाले, आणि ड्रोन धुऱ्याच्या अलीकडे वळवायचे दोघांत ठरले.

आता कायद्याच्या प्रत्येक कागदावर पेन्सिलीने "आज लागू आहे का" असे लिहून त्यापुढे तपासल्याची तारीख टाकतात. हा बदल मी स्वतः पाहिला आहे. टिपणाची भाषा अजून सोपी व्हायला हवी. 'स्वप्रतिकारक यकृतदाह' हा, प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर हल्ला करते त्या आजाराचा, शब्द वहिनींना मला दोनदा फोडून सांगावा लागला.

जाणाऱ्यांनी बाजाराचा दिवस टाळावा, प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा, वैद्यकीय प्रश्न असेल तर तपासणीच्या अहवालाची प्रत नाव झाकून सोबत ठेवावी, आणि आठ दिवसांचा अवकाश धरावा. गठ्ठा घेताना प्रत्येक कागदाचा उजवा कोपरा तेथेच पाहून घ्यावा. कोरा असेल तर तो कागद परत करून तारीख टाकून मागावा, ते देतात.