केनेडींचं घर की मेलनचं? आयर्लंडमधली दोन मूळ घरं

आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर २०१९ च्या डिसेंबरात वडिलांच्या मूळ गावी, मालवण तालुक्यातल्या वराडला आले होते. परदेशात वाढलेल्या माणसाने असं पूर्वजांचं घर बघायला येणं आयर्लंडच्या खेड्यांना नवं नाही. अमेरिकेत गेलेल्यांचे पणतू-खापरपणतू तिथे सतत येत असतात. आपलं तिथे कुणी नसलं तरी दोन घरं जरूर बघावीत. वेळ एकापुरताच असेल तर मात्र निवड करावी लागते.

वेक्सफर्ड काउंटीत न्यू रॉसजवळ डंगन्सटाउन आहे. जॉन केनेडींचे पणजोबा पॅट्रिक १८४८ मध्ये, बटाट्याचं पीक बुडून पडलेल्या दुष्काळात, इथून बॉस्टनला गेले आणि तिथे लाकडी पिंपं बनवू लागले. मागे राहिलेल्यांनी जमीन सोडली नाही. शेती आजही त्याच कुटुंबाकडे आहे. जून १९६३ मध्ये केनेडी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून इथल्या अंगणात आले, भाऊबंदांबरोबर चहा प्याले. गेलेल्या आणि राहिलेल्या सगळ्याच केनेडींची त्यांनी आठवण काढली. पाच महिन्यांनी त्यांची हत्या झाली. जागा छोटी आहे, तासाभरात बघून होते. पण नांदत्या शेतावर उभं राहून ही हकिगत ऐकणं वेगळंच.

दुसरं घर उत्तर आयर्लंडमध्ये, टायरोन काउंटीतल्या ओमाजवळ. थॉमस मेलन १८१८ मध्ये, पाच वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर इथून निघाला आणि पुढे पिट्सबर्गमध्ये मोठी बँक उभी केली. म्हणजे हे स्थलांतर दुष्काळाच्या कितीतरी आधीचं. त्याचं घर मूळ जागीच आहे आणि त्याच्याभोवती १९७६ पासून अल्स्टर अमेरिकन फोक पार्क हे खुलं संग्रहालय आहे: इतर गावांतून हलवून आणलेली घरं, जहाजाची प्रतिकृती, पलीकडे अमेरिकेतल्या ओंडक्यांच्या झोपड्या. इथे अख्खा दिवस जातो. मुलं बरोबर असतील तर हेच बघा.

नाहीतर माझं मत डंगन्सटाउनला. ओमाला गेलेल्यांची वाट छान उलगडते, पण घर आता संग्रहालयाचं. राहिलेल्यांचं काय झालं, हे केनेडींच्या शेतावरच दिसतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

व्हिसाचंही बघा. ओमा ब्रिटनच्या हद्दीत येतं. वाटेत नाका नसला तरी भारतीय पासपोर्टवर नुसता आयरिश व्हिसा चालत नाही. अल्प मुदतीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल तरच दोन्हीकडे जाता येतं. आयर्लंडमध्ये नोकरीसाठी राहणाऱ्यांनाही ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. रेल्वे दोन्हीकडे नाही. न्यू रॉसपर्यंत बस आहे, पुढच्या अरुंद रस्त्याला गाडी हवी. तिथे गेलात तर धक्क्यावरचं डनब्रॉडी हे स्थलांतरितांच्या जहाजाचं प्रतिरूप त्याच दिवशी बघून होतं.