साताऱ्यातला रविवारचा राजकारणाचा वर्ग: सहा रविवार, पन्नास शेंगा आणि सॉलोमन बेटांचे सोगावरे

काल सहावा रविवार झाला आणि बॅच संपली, म्हणून आज सविस्तर लिहितेय. फी भरायच्या आधी मी चार ठिकाणी विचारलेलं की हा वर्ग कसा आहे, तर "सर भारी आहेत, जा" याच्या पलीकडं कुणी काही सांगेना. आता भारी म्हणजे नेमकं काय ते मला सांगता येईल.

जागा राजवाड्याच्या मागच्या बाजूला, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर अभ्यासिका. आठवडाभर तिथं पोरं केबिन घेऊन बसतात, रविवारी चार ते सहा मधली टेबलं जोडून हा वर्ग चालतो. सर राज्यशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक. सहा रविवारचे नऊशे रुपये. आम्ही बावीसजण होतो, त्यातले सोळा-सतरा एमपीएससीवाले, एक वकील, दोन मास्तर आणि एक काका जे नुसते ऐकायला यायचे, त्यांना कुठलीच परीक्षा द्यायची नव्हती.

विषय होता पक्षांतर. सरांचा पहिला नियम, वर्गात आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही चालू नेत्याचं नाव घ्यायचं नाही. मला आधी हे अजिबात पटलं नव्हतं कारण पक्षांतर शिकायचं आणि साताऱ्यात बसून नावं घ्यायची नाहीत म्हणजे काय, २०१९ ची लोकसभेची पोटनिवडणूक आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलीय, तो पाऊस, ती सभा, सगळं. पण पहिल्याच दिवशी एकानं एक नाव घेतलंच, आणि दहा मिनिटं नुसता आरडाओरडा, दोन पोरं तर उठून उभी राहिली. सरांनी शांतपणे फळा पुसला आणि म्हणाले, "बघितलंत? आता कुणी विचार करतंय का? सगळे आपापल्या माणसाची वकिली करतायत." मग त्यांनी फळ्यावर प्रशांत महासागर काढला आणि ऑस्ट्रेलियाच्या वर उजवीकडं ठिपके ठिपके दिले, सॉलोमन बेटं. १९७८ ला स्वतंत्र झालेला देश, २०१९ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वासात लाखाच्या आत. आपला एकटा सातारा जिल्हा २०११ ला तीस लाखांचा होता. संसदेत फक्त पन्नास खासदार. तिथल्या कुणाशीच आपलं देणंघेणं नाही, त्यामुळं कुणाचा राग यायचा प्रश्न नाही. सहा रविवारनंतर सांगते, हा नियमच या वर्गाचा जीव आहे.

ज्यांच्यावर चार रविवार घालवले ते मनासेह सोगावरे. आडनाव ऐकून मला पाटण तालुक्यातलं कुणीतरी वाटलं होतं! जन्म १९५५ चा, पापुआतला, आईवडील चॉइसूल बेटावरचे मिशनरी. सुरुवातीला सरकारी ऑफिसात चहा देणं, संडास साफ करणं असली कामं केली आणि तिथूनच वर चढत इन्कम टॅक्स खात्याचे कमिशनर झाले. १९९७ ला पूर्व चॉइसूलमधून खासदार आणि त्याच वर्षी थेट अर्थमंत्री. चार वेळा पंतप्रधान झाले, २०००, २००६, २०१४ आणि २०१९. आणि या सगळ्या प्रवासात पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी, मग सोशल क्रेडिट पार्टी, मग अवर (इंग्रजीतलं OUR) पार्टी, मधेच अपक्ष, परत अवर पार्टी. त्यातले दोन पक्ष तर त्यांनी स्वतःच उभे केलेले.

आता सरांची शिकवायची पद्धत. दुसऱ्या रविवारी ते पिशवीतनं भाजलेल्या शेंगा घेऊन आले, पन्नास मोजून टेबलावर मांडल्या. म्हणाले ही संसद. तिथं निवडणूक झाली की खासदार राजधानी होनियारातल्या हॉटेलांत गटागटानं राहतात, त्याला तिथं कॅम्प म्हणतात (आपल्याला रिसॉर्ट नवीन नाही, त्यामुळं सगळे हसले). पंतप्रधान खासदार निवडतात, तेही गुप्त मतदानानं, म्हणजे कॅम्पात एका बाजूला जेवलेला माणूस मत कुठं टाकतोय ते कुणालाच कळत नाही. असा इकडून तिकडं उडणाऱ्या खासदाराला तिकडं ग्रासहॉपर म्हणतात, आपला नाकतोडा.

मग एप्रिल २००६ मांडलं. सोगावरे पंतप्रधानपदाला उभे राहिले, पहिल्या फेरीत अकरा मतं पडली आणि बाद झाले. सरांनी अकरा शेंगा बाजूला काढल्या. सोगावऱ्यांनी मग स्नायडर रिनी यांना पाठिंबा दिला आणि रिनी निवडून आले. लगेच होनियारात दंगल उसळली, चायनाटाउन जळालं, आणि रिनींनी आठ दिवसांत राजीनामा दिला. सोगावरे पलीकडं विरोधकांकडं गेले आणि ४ मे ला २८ मतांनी स्वतः पंतप्रधान! सरांनी ती एकच शेंग तीन वेळा हलवली, दोन आठवड्यांत तीन जागा. डिसेंबर २००७ ला त्यांचेच मंत्री फुटले आणि २५ विरुद्ध २२ नं अविश्वास ठराव पास झाला. या वेळी शेंगा एका मुलीला हलवायला लावल्या आणि प्रत्येक शेंगेला थांबून विचारायचे, "हिला काय मिळालं असेल गं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातनं जात नाही. कारण आम्ही सगळे "पैसे, खोकी" असंच ओरडत होतो, आणि सर म्हणाले पैसे असतीलही पण आधी त्याच्या मतदारसंघात जाऊन बघा. तिथल्या बेटावरच्या माणसाला सरकार म्हणजे त्याचा खासदार, बास. घराचे पत्रे, सोलर पॅनल, होडीचं इंजिन, पोरांची शाळेची फी, सगळं खासदाराकडं मागायचं आणि खासदार ते मतदारसंघ विकास निधीतनं देणार. या निधीत कितीतरी वर्षं तैवानचा पैसा यायचा. २०१९ च्या सप्टेंबरात सोगावऱ्यांच्या सरकारनं ३६ वर्षांचे तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली, तेव्हा नुसतं परराष्ट्र धोरण बदललं नाही तर या निधीची वाटही बदलली. पक्षाच्या नावावर तिथं फारसं कुणी मत देत नाही, माणसाला देतात. मग खासदारानं पक्षाला का धरून बसावं? हे ऐकल्यावर मला आमच्या गावातली निवडणूक दिसायला लागली, तिथं तरी कोण कुणाचं चिन्ह बघतंय.

पण माझ्यासाठी सगळ्यात भारी तास तिसरा. सर १९९८ ला मागं गेले. उलुफाआलू पंतप्रधान आणि सोगावरे त्यांचे अर्थमंत्री. जुलैमध्ये उलुफाआलूंनी त्यांना मंत्रिमंडळातनं काढलं. सोगावऱ्यांनी कारण विचारलं, तर काही दिवसांनी उत्तर आलं की संसदेतलं संख्याबळ टिकवायला हे करावं लागलं. म्हणजे ज्या माणसाची आपण आत्तापर्यंत उडी मारणारा म्हणून मोजदाद करत होतो, तो आधी स्वतःच आकड्यासाठी बाजूला सारलेली शेंग होता. तो विरोधी बाकावर गेला, २००० च्या जानेवारीत विरोधी पक्षनेता झाला, आणि जूनमध्ये मलाइटा बेटावरच्या सशस्त्र गटानं उलुफाआलूंना ओलीस धरून राजीनामा द्यायला लावल्यावर २३ विरुद्ध २१ नं पंतप्रधान. वर्गात एकदम शांतता पसरली होती. यानं सोगावरे धुतल्या तांदळासारखे होत नाहीत, सरही तसं म्हणाले नाहीत, पण कुठल्याही उडीच्या आधी कुणीतरी कुणाला तरी ढकललेलं असतं का हे बघायची सवय मला त्या दिवशी लागली.

२०१७ चा किस्सा तर मी घरी दोनदा सांगितला. नोव्हेंबरात अविश्वास ठराव आला, २७ विरुद्ध २३ नं सोगावऱ्यांचं सरकार पडलं. नवे पंतप्रधान रिक होउएनिपवेला. आणि त्यांचा उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री कोण? सोगावरे! सत्ता गेली म्हणायची का राहिली? २०१९ ला परत अपक्ष निवडून आले, निकालानंतर अवर पार्टी पुन्हा उभी केली आणि परत पंतप्रधान. २०२४ च्या निवडणुकीनंतर पक्षानं जेरेमाया मानेले यांना पुढं केलं, ते पंतप्रधान झाले आणि सोगावरे परत अर्थमंत्री, जिथं १९९७ ला सुरुवात केली त्याच खुर्चीवर.

पाचव्या रविवारी शेजारच्या वानुआतूवर गेलो. ५२ खासदारांची संसद, तिथंही हाच खेळ, पण तिथं २०१५ ला लाच प्रकरणात १४ खासदार दोषी ठरले. राष्ट्रपती परदेशात होते, त्यांच्या जागी काम बघणारा संसदेचा अध्यक्ष मार्सेलिनो पिपिते हा स्वतः त्या १४ पैकी एक, त्यानं स्वतःसकट सगळ्यांना माफी देऊन टाकली! राष्ट्रपती बाल्डविन लॉन्सडेल परत आले आणि त्यांनी ती माफी रद्द केली, सगळे तुरुंगात गेले. मग २०२४ च्या मे महिन्यात तिथं सार्वमत घेऊन घटनाच बदलली, पक्ष सोडला तर खासदारकी गेली, आणि अपक्षानं ठरावीक मुदतीत कुठल्यातरी पक्षात जायचं. इथं वकील आणि त्या काकांचं चांगलंच जुंपलं. काका म्हणत होते कायदा हवाच, वकील म्हणत होते आपल्याकडं घटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ पासून आहे, एकतृतीयांश आमदार-खासदार एकदम फुटले तर चालायचं ती पळवाट २००३ ला बंद केली, दोनतृतीयांश दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर चालतं ती उघडीच राहिली, मग लोक एकेकटे जायचे ते घाऊक जायला लागले. सरांनी दोघांनाही तोडलं नाही. फक्त १९७८ आठवून दिलं, वसंतदादांचं सरकार पडलं आणि ३८ व्या वर्षी शरद पवार मुख्यमंत्री झाले तेव्हा असा कायदाच नव्हता, आणि सांगलीत गेलात तर म्हातारी माणसं अजून त्यावर कालच घडल्यासारखी बोलतात.

आता तक्रारी, कारण नऊशे रुपये आमच्यासारख्यांना कमी नाहीत. वर्ग एकदाही वेळेवर चालू झाला नाही, पंधरावीस मिनिटं गेलीच. नोट्स तिसऱ्या रविवारपासून मिळाल्या आणि त्यात २००७ च्या मतदानाचा आकडा चुकलेला, मी दाखवल्यावर सरांनी पेनानं दुरुस्त केला पण बाकीच्यांच्या प्रती तशाच राहिल्या. फीची पावती मागून मागून चौथ्या आठवड्यात हातात पडली. वरती पत्रा आहे, पाऊस आला की मागच्या दोन रांगांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. गाडी लावायला जागा नाही. आणि जाहिरातीत "एमपीएससीसाठी उपयुक्त" लिहिलंय ते प्रीलिमच्या दृष्टीनं धरू नका, तिथं सॉलोमन बेटं कोण विचारणार. मेन्सला डिस्क्रिप्टिव्ह पॅटर्न आल्यापासून मात्र मला निबंधात आणि जीएसच्या (सामान्य अध्ययनाच्या) उत्तरात याचा फरक जाणवतोय, मुद्दा मांडताना हाताशी काहीतरी असतं.

एक घरचं सांगते. आमच्या गावच्या विकास सोसायटीत आण्णांनी मागच्या निवडणुकीत ऐनवेळी पॅनल बदललं आणि तेव्हापासून तात्या, म्हणजे माझे सख्खे चुलते, आमच्या घराची पायरी चढले नाहीत. दोन दिवाळ्या झाल्या. मीसुद्धा आण्णांवर मनातनं चिडून होते, कधी बोलले नाही. चौथ्या रविवारनंतर घरी गेले, शेंगा होत्याच, तेरा संचालकांच्या तेरा मांडल्या आणि सरांसारखं बोलत गेले. आण्णा आधी नुसते बघत होते. मग एका शेंगेवर बोट ठेवलं. "ही मी हाय न्हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी ती उचलली नाही, शेजारची दुसरी उचलली आणि तिच्या जागेवर ठेवली आणि म्हणाले, "आदी हितं ह्येला बसवला. मला इचारलं बी न्हाई. मग मी गेलो." तिकीट कुणाला द्यायचं ते आधीच ठरलं होतं, हे आईलाही माहीत नव्हतं. तात्यांना ही बाजू कुणी सांगितलीय का ते मला अजून माहीत नाही, पण येत्या रविवारी मी त्यांच्याकडं जाणार आहे, वर्ग नसल्यामुळं दुपार मोकळीच आहे.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. पुढची बॅच दिवाळीनंतर, विषय पापुआ न्यू गिनी, तिथं पक्षांतर रोखायला २००१ ला कायदा केला आणि २०१० ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यातली मुख्य कलमं उडवली, त्यावर सहा रविवार. फी तीच आहे, भरतानाच पावती मागून घ्या. खिडकीजवळची पहिली रांग धरा, तिथं पंखाही लागतो आणि टेबलही दिसतं, मागं बसलात तर शेंगा दिसणार नाहीत आणि अर्धा वर्ग वाया जाईल. गाडी तळ्याच्या बाजूला लावून चालत या. मी माझं नाव दिलंय.