आळेफाट्याजवळचे गिअरबॉक्सचे गॅरेज : आधी निदान, मग पाना

आमची 2014 सालची पिकअप गेल्या जुलैत 2,87,000 किलोमीटरवर पोहोचली, तेव्हा तिच्या तीन तक्रारी होत्या. सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना करकर होत असे, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर उडत असे आणि ताशी 45 किलोमीटरच्या पुढे गाडीखालून सतत घूं असा आवाज येत असे. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणमार्गे वाशी गाठायची, हे या गाडीचे काम. त्यामुळे भरल्या गाडीचा गिअर घाटात उडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. ज्या वर्कशॉपमध्ये गाडीची नेहमीची सर्व्हिसिंग होत असे, तेथे गाडी रस्त्यावर न नेता आणि तिचे ऑइलही न काढता, केवळ किलोमीटरचा आकडा पाहून ‘पूर्ण गिअरबॉक्स ओव्हरहॉल’ असे लिहिलेला 52,000 रुपयांचा अंदाज हातात ठेवण्यात आला.

दुसरे मत घ्यावे म्हणून आळेफाट्याजवळच्या एका लहान गॅरेजात गेलो. हे परीक्षण त्या गॅरेजाचे आहे. तेथे तपासणीचे 600 रुपये वेगळे आकारले जातात आणि पुढे काम तेथेच केले तरी ते बिलातून वजा होत नाहीत. अनेकांना हे खटकते. मला मात्र ते पैसे सर्वांत योग्य ठिकाणी खर्च झाले असे वाटते, कारण मिस्त्रींनी पुढचे दोन तास पान्याला हातही न लावता गाडीची परीक्षा घेतली.

पहिली शंका त्यांनी क्लचवर घेतली. क्लच पूर्ण दाबून, तीन-चार सेकंद थांबून त्यांनी रिव्हर्स टाकला. या गाडीच्या रिव्हर्स गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्ही भागांचा वेग सारखा करणारी रिंग, नसल्यामुळे क्लच पुरता सुटत नसता तर दात घासल्याचा आवाज आलाच असता. तो आला नाही. मग न्यूट्रलमध्ये क्लच दाबून आणि सोडून आवाज ऐकला. क्लच दाबताच आवाज सुरू झाला तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर जातो आणि दाबल्यावर थांबला तर इंजिनाकडून फिरकी आत आणणाऱ्या इनपुट शाफ्टच्या किंवा तिच्यासोबत फिरणाऱ्या जोडदांड्याच्या, म्हणजे लेशाफ्टच्या, बेअरिंगवर, असे त्यांनी काम चालू असतानाच समजावले. उभ्या गाडीत दोन्हींपैकी काहीच नव्हते.

त्यानंतर आम्ही ओतूरच्या दिशेने निघालो. ताशी 60 च्या वेगात तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये त्यांनी आवाज पडताळला. या गाडीचा चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनाची फिरकी सरळ मागे जाते आणि लेशाफ्टवर भार येत नाही. दोष तेथे असता तर चौथ्यात आवाज दबला असता, पण तो जसाच्या तसा राहिला. शेवटी सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून त्यांनी इंजिन आयडलवर आणले, तरी घूं चालूच. “दादा, हा आवाज बॉक्सातला नाही, मागचा आहे,” एवढेच ते बोलले. परत आल्यावर खड्ड्यात उतरून त्यांनी माझा हात धरून प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याच्या, मध्यावर ठेवला. सेंटर बेअरिंगभोवतीचे रबर चिरले होते आणि शाफ्ट वरखाली हलत होता. ज्या आवाजासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवायचा होता, तो गिअरबॉक्सच्या बाहेरचा निघाला.

उडणाऱ्या गिअरचे कारणही बरेचसे बाहेरच होते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअर लिव्हर बोटभर मागेपुढे होत होता, कारण गिअरबॉक्सखालच्या माउंटिंगचे रबर फाटले होते आणि लिव्हरचे बुशही झिजले होते. ही दोन्ही कामे करूनही गिअर उडाला, तरच आतील गिअर सरकवणारा फोर्क आणि गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग पाहू, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले. ती वेळ आली नाही.

दुसऱ्या गिअरची करकर मात्र खरोखर आतली होती. गरम गिअर ऑइल पत्र्याच्या ट्रेमध्ये काढून मिस्त्रींनी ते उन्हात तिरपे धरले, तर काळ्या ऑइलवर हळदीच्या पुडीसारखी बारीक पिवळी चमक तरंगत होती. ती पितळी सिंक्रो रिंगेची झीज. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, जो इतक्या वापरानंतर अपेक्षितच असतो. पोलादाचे तुकडे नव्हते, म्हणजे दात आणि बेअरिंग शाबूत होते. जुन्या बिलांवरून असेही दिसले की गिअरबॉक्समध्ये मागच्या धुऱ्यावरील डिफरन्शिअलचेच जीएल-5 दर्जाचे ऑइल भरले जात होते. त्यातील गंधकयुक्त रसायने काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-4 लिहिलेले आहे आणि ती पुस्तिका माझ्याच डॅशबोर्डात पडून होती, तेव्हा दोष निम्मा माझाही आहे.

सेंटर बेअरिंग, माउंटिंग, बुश आणि नवे ऑइल मिळून 6,850 रुपये झाले. सिंक्रो रिंगेचे काम हंगाम संपेपर्यंत थांबवण्याचा सल्ला त्यांनी स्वतःहून दिला आणि दिवाळीनंतर गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लच प्लेटही बदलून 13,400 रुपये घेतले. तपासणी धरून एकूण 20,850.

उणिवाही आहेत. बिल वहीच्या कागदावर मिळते, सुट्या भागांवर हमी तोंडी असते आणि ‘परवा’ सांगितलेली गाडी पाचव्या दिवशी मिळाली, तेव्हा मला दोन फेऱ्यांना भाड्याची गाडी लावावी लागली. मिस्त्री स्वतः नसतील तर तपासणी करून घेऊ नये. त्यांचे सहकारी खोलजोड उत्तम करतात, पण रस्त्यावर आवाज ओळखणे हे त्यांचे काम नाही.

करकर फक्त थंड गाडीत होत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवावी लागते, कारण चालवून गरम झालेल्या गाडीत मिस्त्री ती तक्रार तपासतच नाहीत. आवाराला कुंपण आहे, राखणदार नाही. क्रेट, ताडपत्री आणि दोर घरीच उतरवून जावे.