विलंबित मिरजेत, द्रुत रुकडीला : नऊ महिने म्युझिक ॲप वापरल्यावर

मी रोज सकाळी मिरजेहून रेल्वेनं कोल्हापूरला नोकरीला जाते. तासाभराचा प्रवास असतो आणि तेवढ्यात एक अख्खा ख्याल, म्हणजे एका रागाचं आधी विलंबित (संथ) आणि मग द्रुत (जलद) लयीतलं गाणं, ऐकून होतो. गाडी कृष्णेच्या पुलावर येईतो स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, भरलेली असते, हातकणंगल्याच्या पुढे ताना सुरू होतात आणि रुकडी सोडली की द्रुत चीज (बंदिश) लागते. अनेक वर्षं मोबाईलच्या रिचार्जबरोबर जे ॲप आपोआप मिळायचं, तेच वापरलं. गेल्या वर्षी ती सोय संपली आणि पहिल्यांदाच पैसे मोजून ॲप निवडायची वेळ आली. नऊ महिन्यांत चार ॲपं वापरली, प्रत्येकाला निदान दोन महिने दिले.

या विषयावर जे वाचायला मिळालं, त्यात किंमत, गाण्यांची संख्या आणि आवाजाचा दर्जा या तीनच गोष्टी होत्या. माझी निवड ठरली ती त्यांच्या बाहेरच्या एका गोष्टीवर : हवी ती चीज शोधल्यावर सापडते का, आणि सापडली तर ती कुणी, कधी, कुणाच्या साथीनं गायली हे कळतं का. ख्याल, नाट्यसंगीत, जुनी भावगीतं ऐकणाऱ्या कुणालाही हाच प्रश्न पडणार, म्हणून सविस्तर लिहिते.

मी अकरा वर्षं किराणा घराण्याचं गाणं शिकते. मिरज हे त्याच घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. १९३७ साली ते गेले, पण इथल्या दर्ग्यात त्यांच्या नावानं अजून गाण्याची हजेरी लागते. आमच्या गाण्याच्या बाईंची एक पद्धत आहे. नवा राग द्यायच्या आधी त्या सांगतात, "आठवडाभर नुसता ऐक. तिघांचा ऐक, तीन घराण्यांचा." म्हणजे मला एकाच गायकाची शंभर गाणी नको असतात, एकच राग तीन गळ्यांतून हवा असतो. आणि नेमकं हेच या ॲपांना जड जातं.

शोधात 'ललित' हा राग टाकला की संगीतकार जतीन-ललितची सिनेमातली गाणी येतात. 'दुर्गा' राग टाकला की देवीच्या आरत्या आणि स्तोत्रं. 'केदार' राग म्हटलं की केदारनाथाची भजनं. 'श्री' राग शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई, कारण श्री कुणाच्या नावात नाही? मागे 'राग' हा शब्द लावला की थोडं सुधारतं, पण तिथे स्पेलिंग आडवं येतं. मारवा कुठे डब्ल्यूनं लिहिलेला, कुठे व्हीनं. बिहागाची तर तीन रूपं दिसली. मला लागू पडलेला उपाय असा : राग, ताल आणि गायकाचं आडनाव, एवढंच टाकायचं. 'मारवा एकताल' आणि आडनाव. पंडित, उस्ताद, विदुषी हे काही लावायचं नाही. ती बिरुदं लावल्यामुळे एकाच गायकाची दोन-दोन पानं झालेली असतात आणि निम्मी रेकॉर्डिंग्ज दुसऱ्याच पानावर जाऊन बसलेली असतात.

याचं कारण समजून घेतलं तेव्हा माझी चिडचिड जरा निवळली. सिनेमाच्या गाण्याला गाण्याचं नाव, अल्बम आणि गायक एवढी माहिती पुरते, आणि ॲपांतले माहितीचे रकाने त्याच मापानं बेतलेले आहेत. त्यात रागाला जागा नाही, तालाला नाही, बंदिशीच्या मुखड्याला नाही. कंपनीनं रेकॉर्डिंग पाठवताना जे लिहून दिलं तेच आपल्याला दिसतं. तबल्यावर कोण, संवादिनीवर (पेटीवर) कोण हे कॅसेटच्या वेष्टनावर हमखास छापलेलं असायचं. ॲपमध्ये ते क्वचितच दिसतं. संवादिनीची साथ ऐकून माणूस ओळखायचा नाद असलेल्या माझ्या वडिलांना हे फार लागलं असतं. आणि हे करता येत नाही असं मुळीच नाही. ॲपलनं २०२३ साली पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी वेगळं ॲप काढलं. त्यात रचनाकार, रचना, वाद्यवृंद, संचालक यांनुसार शोधता येतं, एकाच रचनेची निरनिराळी ध्वनिमुद्रणं शेजारी-शेजारी दिसतात. बाईंच्या 'तिघांचा ऐक'ला याहून चांगलं उत्तर कुठलं? रागसंगीतासाठी असंच काही मोठ्या प्रमाणावर व्हावं ही माझी मनापासूनची मागणी आहे.

ऑटोप्ले, म्हणजे एक संपलं की ॲपनं आपणहून दुसरं लावणं, मी सगळीकडे बंद केलं. सकाळी सहाच्या गाडीत तोडी संपली आणि पाठोपाठ मालकंस लागला, तेव्हा डब्यात बसल्या-बसल्या जीव कासावीस झाला. तो मध्यरात्रीचा राग. यंत्राच्या लेखी दोन्ही 'हिंदुस्थानी शास्त्रीय', त्यामुळे एकानंतर दुसरा आला तर त्याचं काही बिघडत नाही. ज्यांना वेळेचं बंधन मानायचं नाही त्यांचं त्यांना. मी शिकणारी आहे, माझ्या कानाला ती शिस्त लागायला हवी. त्याच बैठकीत क्रॉसफेडही शून्यावर आणावा. एक गाणं विरताना दुसरं त्यात मिसळणं लग्नाच्या पार्टीत शोभतं. विलंबिताची सम आणि द्रुताची उठावण एकमेकांत घुसली की दोन्ही वाया जातात. आणि गॅपलेस (दोन तुकड्यांत खंड न पडू देणारी सोय) चालू ठेवावं, कारण पुष्कळ रेकॉर्डिंग्जमध्ये विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे केलेले असतात आणि मध्ये तंबोऱ्याचा सूर तुटतो.

फुकटची आवृत्ती ख्यालासाठी निरुपयोगी आहे, एवढं एका वाक्यात. एका ॲपमध्ये विलंबित संपून द्रुत सुरू व्हायच्या फटीत साबणाची जाहिरात लागली, त्या दिवशी मी पैसे भरले.

आता आवाजाच्या दर्जाबद्दल. तो केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो त्यात, मोजतात. स्पॉटिफायच्या पैसे भरून मिळणाऱ्या सेवेत २०२५पर्यंत ३२० केबीपीएसपर्यंतचाच पर्याय मिळायचा, यूट्यूब म्युझिकमध्ये २५६ पर्यंत मिळतो. ॲपल म्युझिकनं २०२१पासून जादा पैसे न घेता लॉसलेस (मूळ ध्वनिमुद्रणातलं काही न गाळलेला आवाज) दिलं आणि ते अँड्रॉइडवरही चालतं. पण ब्लूटूथचे इअरफोन वापरणार असाल तर लॉसलेसचा फारसा उपयोग नाही, कारण ब्लूटूथवरून जाताना आवाज बहुतेक वेळा पुन्हा दाबला जातो. रेल्वेच्या खडखडाटात तर मला काडीचाही फरक कळला नाही. रात्री घरी, वायरचा हेडफोन लावून, नुसता तंबोरा ऐकला तेव्हा कळला : खर्जाच्या तारेतून वर येणारा गंधार लॉसलेसमध्ये जास्त मोकळा वाटला. ज्यांचं ऐकणं घरी, शांत वेळी आहे, त्यांनी हा पर्याय जरूर घ्यावा. डेटाचा हिशेबही करून बघितला. ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी लागतात, ९६ला सुमारे ४३. गाडीत रेंज येते-जाते, म्हणून मी रात्रीच वायफायवर डाउनलोड करून ठेवते. डाउनलोड केलेलं कायमचं आपलं झालं असं मात्र समजू नका. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर ते वाजत नाही.

शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांची एकच बाजू, साधारण तीन मिनिटांची, निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या पट्टीत सापडते. तबकडी उतरवून घेताना वेग जरासा इकडे-तिकडे झाला की सगळा सूरच सरकतो. मला एक तबकडी दोन ॲपांवर जवळजवळ अर्ध्या सुराच्या फरकानं मिळाली. एकीत गायक पेटीच्या काळी एक पट्टीत, दुसरीत जवळपास तिच्या लगतच्या पांढरी दोनमध्ये. तंबोरा ॲप शेजारी लावून ऐकेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. बाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आवाज चिरका वाटतोय ना, तोच वेगानं फिरलाय." तेव्हापासून दोन प्रती ऐकल्याशिवाय मी जुन्या रेकॉर्डवरून गाण्यातल्या जागा घोटत नाही.

माझी सगळ्यात मोठी सोय झाली ती यूट्यूब म्युझिकमुळे, आणि तीही दोन कारणांनी. एक म्हणजे रसिकांनी यूट्यूबवर चढवलेल्या जुन्या खाजगी बैठका, रेडिओवरून टेप केलेली गाणी, ज्यांचा कुठला अल्बम कधी निघालाच नाही, त्यातलंही बरंच तिथे ऐकता येतं. ते कधीही काढून टाकलं जाऊ शकतं, हा धोका आहेच. दुसरं कारण अधिक मोलाचं : आपल्याजवळच्या फाइली चढवता येतात, एक लाखापर्यंत, आणि त्या फक्त आपल्यालाच ऐकू येतात. वडिलांनी ठेवलेल्या कॅसेट्स, त्यात पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्याही, मी दिवाळीच्या सुट्टीत टेपरेकॉर्डरवरून संगणकात घेतल्या. एकेका कॅसेटला तिच्याइतकाच वेळ द्यावा लागला. नाव देताना राग, ताल, गायक, तबला, संवादिनी सगळं स्वतः देवनागरीत लिहिलं. आता 'श्री' टाकलं की माझ्या संग्रहातला श्री पहिल्या झटक्यात समोर येतो. चारही ॲपांच्या आयत्या संग्रहांत मिळून मला जे समाधान मिळालं नाही, ते स्वतः चढवलेल्या गाण्यांच्या या एका खिडकीनं दिलं.

गाण्यांची संख्या बघून ॲप घेऊ नये, याचं एक उदाहरण सगळ्यांसमोर घडलेलं आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आलं आणि एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी तिथून गेली. करार झाला जून २०२०मध्ये. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. आमच्या घरात ज्या तबकड्या वाजल्या त्या बहुतेक त्यांच्याच. मराठी भावगीतं आणि नाट्यपदं ऐकणाऱ्याला ते वर्ष केवढं रिकामं गेलं असेल! २०२३मध्ये झीची गाणीही अशीच तिथून गेली होती. आणि कधी अख्खं दुकानच उठतं : रेसो हे ॲप जानेवारी २०२४ला भारतात बंद झालं, विंकनं त्याच वर्षी गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. ज्यांच्या गाण्यांच्या याद्या तिथे होत्या, त्यांना त्या दुसरीकडे नव्यानं मांडाव्या लागल्या.

पैसे गायकापर्यंत पोचतात का, हेही मी शोधून बघितलं आणि मन खट्टू झालं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. तीन मिनिटांचं सिनेगीत म्हणजे एक स्ट्रीम आणि पन्नास मिनिटांचा मारवाही एकच. शिवाय २०२४पासून ज्या ट्रॅकला वर्षभरात हजार स्ट्रीम होत नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. एखाद्या तरुण गायकाचा अप्रचलित रागातला ख्याल वर्षात हजार वेळा लागेल का? म्हणून ॲपवर ऐकून आवडलं की मी तिकीट काढून मैफलीला जाते. सांगली-कोल्हापुरात काही ना काही असतंच.

घरात आणखी एक परीक्षक आहे, माझी सासू. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांच्याकडे मराठी गाण्यांचा कारवाँ, म्हणजे सारेगामाचं रेडिओसारखं गाणी भरलेलं उपकरण, आहे. २०१७ साली कारवाँ पहिल्यांदा आला तेव्हा त्यात पाच हजार गाणी भरलेली होती आणि इंटरनेट लागत नव्हतं. मी हौसेनं त्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. रामनवमीला त्यांनी गीतरामायण मागितलं, सुधीर फडक्यांच्याच आवाजातलं, छप्पन्नच्या छप्पन्न, क्रमानं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर झालं तेव्हा वेगवेगळ्या गायकांनी गायलं होतं. बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजातलं वेगळं. शोधल्यावर दोन्ही एकत्र आले, मध्ये कुणाच्या स्टेज कार्यक्रमातलीही गाणी होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, अजून राम अयोध्येतून निघाला नाही आणि सेतू बांधायला घेतला यांनी!" मी दोन संध्याकाळी बसून एक ते छप्पन्न यादी हातानं लावली आणि जपून ठेवली आहे. त्या आता ती यादी टीव्हीवर लावून ऐकतात. बाकी वेळी कारवाँचं गोल बटणच त्यांना आवडतं आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

आज घडीला मी यूट्यूब म्युझिकचे पैसे भरते. चढवलेल्या कॅसेट्स आणि देवनागरीत टाकलेला शोध, या दोन गोष्टींसाठी. ॲपल म्युझिकचं लॉसलेस घरच्या रियाजासाठी पुन्हा घ्यायचा विचार आहे, निदान पावसाळ्यापुरतं, जेव्हा संध्याकाळी बाहेर पडणं होत नाही. स्पॉटिफायवर नवं मराठी गाणं माझ्या भाचीमुळे कळतं. ती यादी पाठवते, मी ऐकते.

आणि एक दोनशे पानी वही केली आहे. ऐकलेला प्रत्येक ख्याल तिच्यात लिहिते : राग, ताल, मुखडा, गायक, साथीदार, रेकॉर्ड कुणाची, आणि कोणत्या पट्टीत. काल एकशे अठ्ठावन्नावी नोंद झाली, शुद्ध कल्याणची. तबल्यावर कोण हे ॲपमध्ये नव्हतं, म्हणून तो रकाना मोकळा आहे. रविवारी बाईंना ऐकवून विचारायचं आहे.