लसूणघास बंद, टिमोथी गवत सुरू: गिनीपिगच्या मूतखड्यासाठी बदललेल्या आहाराचा अनुभव

आधी निकाल सांगते. माझ्या गिनीपिगच्या, जिलबीच्या लघवीतला रवाळ गाळ बराच कमी झालाय, नवा खडा अजून तरी झालेला नाही आणि महिन्याचा खर्च वाढलाय. हे सगळं मागच्या उन्हाळ्यापासूनचं.

जिलबी आणि मुरमुरा आमच्याकडे आले ते मोठे होऊनच. आधीच्या घरी मुख्य खाणं म्हणजे लसूणघास. सोलापुरात शेळ्यांसाठी घासाची पेंढी सहज मिळते, स्वस्तही असते, आणि ही दोघं त्यावर तुटून पडायची. मग जिलबी लघवी करताना ओरडायला लागली, लघवीत रक्त दिसलं. एक्स-रेत गाळ आणि एक बारका खडा निघाला. मादी असल्यानं तो बाहेर पडला; नरात मूत्रमार्ग अरुंद असतो, खडा अडकला की लघवी तुंबते आणि जीवावर बेतू शकतं. आणि तयार झालेला खडा आहारानं विरघळेल, ही आशा कुणी ठेवू नये.

डॉक्टरांनी कारण नीट समजावलं. बहुतेक प्राण्यांचं आतडं गरजेपुरतंच कॅल्शियम घेतं. गिनीपिग मात्र खाण्यातलं बरंचसं शोषतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो. लघवी अल्कधर्मी, त्यामुळे ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन साचतं. घासात टिमोथी गवताच्या साधारण तिप्पट कॅल्शियम असतं.

आता दिवसभर समोर टिमोथीचं वाळकं गवत असतं, हवं तेवढं. ते ऑनलाइन मागवावं लागतं. सासूबाई किंमत ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात म्हशीचा कडबा आला असता." कडबाही देऊन पाहिला: पाती कुरतडली, ताटं तशीच. मंगळवेढ्याच्या मामांनी मात्र बजावलं, कोवळी ज्वारी चुकूनही देऊ नकोस, त्यात विष धरतं. त्यांच्याच बांधावरची हरळी, फवारणी नसलेली, धुऊन देते. तिच्यावर दोघं खूश.

भाज्यांत रोज ढोबळी मिरचीची फोड, कारण गिनीपिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. जोडीला काकडी, लेट्यूस, कधी कोथिंबिरीच्या चार काड्या. राजगिरा, मेथी, शेवग्याचा पाला बंद. पालकही, त्यात ऑक्सलेट (खड्याला हातभार लावणारा घटक) फार. पेलेट (दाबून केलेल्या खाद्याचे गोळे) टिमोथीचे आणि मोजून, वाटीभर नाहीत. पाकिटावरचे घटक वाचा. काहींत अल्फाल्फा पहिल्या क्रमांकावर असतो. अल्फाल्फा म्हणजे आपला घासच.

पाण्याबद्दल बरेच जण विचारतात. आमचं बोअरचं पाणी इतकं जड की बाटलीच्या नळीतली गोळी क्षारांनी अडकायची. आता फिल्टरचं पाणी देते. पण हिशेब केला तर चाऱ्यातून जाणारं कॅल्शियम पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे पाणी कुठलं यापेक्षा पोटात किती जातं ते बघा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मी भाजी निथळत नाही, ओलीच देते आणि बाटलीशेजारी मातीचं भांडंही ठेवते.

पिंजऱ्यात जुन्या सोलापुरी चादरीचे गडद तुकडे अंथरते. वाळलेल्या लघवीचा पांढरा डाग त्यावर लगेच दिसतो. बोटानं चोळल्यावर पिठासारखा लागला तर ठीक, थोडं कॅल्शियम जाणारच. पूर्वी वाळूसारखा खरखरीत लागायचा.

उणी बाजू: टिमोथीचं एखादं पार्सल पिवळं, धुळकट निघतं आणि मुरमुरा त्याला तोंड लावत नाही. घास सोडवताना जिलबीनं पहिले काही दिवस रुसवा धरला, म्हणून थोडा थोडा कमी केला. गिनीपिग उपाशी राहिला तर आतडी थंडावतात, एकदम बदल नको. आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करते. शिवाय एवढं पाळूनही खडा होऊ शकतो, तसा काहींचा पिंडच असतो.

तुमचं पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल किंवा मादी गाभण असेल, तर यातलं घास बंद करणं तुमच्यासाठी नाही. त्यांना ते कॅल्शियम लागतं.