गूगल माय मॅप्स: न्यूझीलंडच्या निवांत सहलीसाठी काही महिने वापरल्यानंतर

परदेशात दोघांनीच जायचं, गाडी स्वतः चालवायची आणि घाई करायची नाही, एवढं ठरलं की आखणी कशात करायची हा प्रश्न येतो. आम्ही गूगलचं माय मॅप्स वापरलं. दिवाळीनंतर लातुरात बसून आखायला घेतलं, मार्चअखेर न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर त्याच नकाशाच्या भरवशावर गाडी चालवली, आणि अजूनही ते वापरते आहे. इतके महिने हाताळल्यावर माझं मत पक्कं झालंय: निवांत सहल आखायला याच्याइतकं उपयोगी, तेही फुकट, दुसरं काही मी पाहिलेलं नाही. काय बघायचं ते सांगणारे शंभर जण भेटतात. काय सोडायचं ते मला या नकाशानं दाखवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोजचं गूगल मॅप्स वेगळं आणि माय मॅप्स वेगळं. यात आपला स्वतःचा कोरा नकाशा मिळतो, त्यावर हव्या त्या रंगाच्या पिना लावायच्या, प्रत्येक पिनेखाली टीप लिहायची, आणि पिनांचे थर करायचे. एका नकाशात १० थर चालतात. थर हवा तेव्हा दाखवता येतो, नको तेव्हा झाकता येतो. सगळी गंमत या झाकण्यात आहे.

न्यूझीलंडच का, तर पहिलं कारण म्हणजे तिथेही गाडी डाव्या बाजूनंच चालते. दुसरं, आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापायला लागतं तेव्हा तिकडं शरद ऋतू असतो. तिसरं, यांच्या मणक्याचा त्रास. बसच्या सहलीत पहाटे सहाला सामान दाराबाहेर ठेवा, रात्री नवं हॉटेल, हे यांना झेपणारं नव्हतं.

सुरुवातीचे काही आठवडे मनात येईल ते नकाशावर टाकायचं, असं आम्ही ठरवूनच टाकलं होतं. पुण्याहून लेकही त्यात पिना लावत होती, कारण नकाशा शेअर करून दुसऱ्याला बदल करायची परवानगी देता येते. कायकोरातले व्हेल, फ्रान्झ जोसेफची हिमनदी, डनेडिन शहर, डोंगरांतली मिलफर्ड साउंड ही खाडी, सगळं आलं. दक्षिण बेटाला गोवर उठल्यासारखं दिसत होतं. मग एका रविवारी दुपारी आम्ही दोघं बसलो आणि मुक्कामांचा वेगळा थर केला, त्यात फक्त चार पिना: टेकापो, वानाका, ते-आनाऊ (गावाचं नावच असं) आणि क्वीन्सटाउन. बाकीचे थर झाकले. मग रस्त्याचा थर काढून प्रत्येक टप्प्याचे तास पाहिले. क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. टेकापो ते वानाका दोनशेच्या आसपास, अडीच तास. मुक्काम बदलायच्या दिवशी तीन तासांच्या वर गाडी नाही, हा आमचा नियम होता, आणि त्या नियमात जे बसेना ते एकेक करून गळत गेलं. पश्चिम किनारा गेला, कायकोरा गेलं, डनेडिन गेलं. लातूर-पुणे एका दमात करणारी माणसं आम्ही, त्यामुळं हे तास कमीच वाटत होते. तरी यांनी नियम मोडू दिला नाही, आणि ते बरं झालं.

मिलफर्डचं उदाहरण देते, कारण तिथं या नकाशानं आमचा अख्खा दिवस वाचवला. बरेच जण क्वीन्सटाउनला राहून मिलफर्ड एका दिवसात करतात. पिना जोडून पाहिलं तर एका बाजूचा रस्ता २९० किलोमीटरच्या आसपास, नुसती गाडीच चार तास. येऊन-जाऊन आठ, वर बोटीचा फेरा. तेच ते-आनाऊहून पाहिलं तर ११८ किलोमीटर, दोन तास. म्हणून ते-आनाऊला मुक्काम वाढवला आणि क्वीन्सटाउनचा कमी केला. सकाळी आरामात नाश्ता करून निघालो. एग्लिंटन खोऱ्यात थांबलो, मिरर लेक्सला थांबलो, होमर बोगद्याच्या अलीकडं किया पोपट गाडीच्या दाराचं रबर चोचीनं ओढत होता तेही पाहत बसलो. जाताना दोनाचे चार तास झाले आणि कुणाची घाई नव्हती.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. नकाशात दिसणारा वेळ हा न थांबता गाडी चालवण्याचा असतो. मी त्यात सरसकट निम्मा वेळ मिळवून धरत होते. तरी पुकाकी तळ्यापाशी तेही कमी पडलं. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगतं म्हणून त्या तळ्याला तो दुधाळ निळा रंग येतो, आणि हवा स्वच्छ असली की पलीकडं ३,७२४ मीटर उंचीचा आओराकी, म्हणजे माउंट कुक, सरळ समोर दिसतो. तिथं किती वेळ जाईल हे कुठलाच नकाशा सांगू शकत नाही.

थर कसे केले तेही सांगते, कुणाला उपयोग झाला तर. मुक्कामाचा एक, त्यातल्या टिपेत खोलीत शिरायची वेळ आणि स्वयंपाकघर आहे की नाही ते. पेट्रोल आणि किराणा यांचा एक. पाऊस पडला तर काय, याचा एक. हा शेवटचा थर लेकीच्या सांगण्यावरून केला, आणि तिकडं डोंगरात हवा अर्ध्या तासात फिरते, तेव्हा त्याची किंमत कळली. किराण्याच्या पिना मला फार कामाला आल्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली की संध्याकाळी खिचडी टाकता येते, आणि निवांतपणा म्हणतात तो मला तिथं मिळाला, टेकापोच्या खिडकीत कुकरची शिट्टी ऐकत. शेंगदाण्याची चटणी आणि येसर, म्हणजे आमटीचा भाजका मसाला, इथूनच नेला होता. विमानतळावरच्या फॉर्मवर खायचं सगळं लिहून द्या. दाखवलं तर ते तपासून ठरवतात, लपवलं तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर. आमची चटणी अधिकारी बाईंनी डबा उघडून पाहिली, वास घेतला आणि परत दिली.

एक पिन मी कुणाला न विचारता टाकली होती. क्राइस्टचर्चमध्ये एव्हन नदीकाठी भूकंपाचं स्मारक आहे, २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात गेलेल्या १८५ जणांच्या नावांची भिंत. आम्ही लातूरचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि किल्लारी. त्या भिंतीपुढं यांना बोलताच येईना. शहरातली काही मोकळी पडलेली मैदानं पाहून मला किल्लारीची, औसा-उमरग्याकडच्या गावांची जुनी जागा आठवली. सहलीच्या यादीत अशी जागा कुणी सुचवत नाही. स्वतः आखणी केली म्हणून ती आमच्या वाटेवर आली, आणि अख्ख्या सहलीतली ती सकाळ मला फार मोलाची वाटते.

आता मर्यादा. माय मॅप्सचं स्वतंत्र अँड्रॉइड ॲप २०२१ मध्येच बंद झालंय. फोनवर नकाशा पाहायचा तर गूगल मॅप्समध्ये जतन केलेल्या गोष्टींत जाऊन उघडावा लागतो, आणि बदल करायला लॅपटॉपच सोयीचा. एका रस्त्याच्या थरात दहाच ठिकाणं घेता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या पिना रेंज नसताना दिसतीलच याचा भरवसा धरता येत नाही. ते-आनाऊ सोडल्यावर मिलफर्डच्या रस्त्यावर रेंज जवळजवळ नसतेच. त्यावर उपाय आहे: नकाशा केएमएल फाइल (पिना आणि टिपा साठवणारी फाइल) म्हणून उतरवून घ्यायचा आणि ऑर्गॅनिक मॅप्स या ॲपमध्ये उघडायचा. त्यात दक्षिण बेटाचा भाग आधी डाउनलोड केला की पिनांसकट सगळं इंटरनेटशिवाय चालतं. आम्ही गाडीत तेच लावलं. यांनी शिवाय वहीत रोजचं पान लिहिलं होतं, तेही वाया गेलं नाही.

गाडीबद्दल नकाशा काही सांगत नाही, म्हणून ते इथं लिहिते. आपला महाराष्ट्राचा लायसन्स इंग्रजीत असल्यामुळं न्यूझीलंडमध्ये पर्यटकाला तो चालतो. तरी भाड्याच्या गाडीवाले मागतात म्हणून आम्ही दोघांनी आंतरराष्ट्रीय परवाना काढला. सरकारच्या सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. गाडी घेताना चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर डिपॉझिटची रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची मर्यादा आधी तपासा. आम्ही जिथून गाडी घेतली तिथल्या काउंटरवर मोठी गाडी आणि जादा विमा घ्या म्हणून फार आग्रह झाला. लांबच्या प्रवासानं थकलेलं माणूस अशा वेळी हो म्हणून जातं. नुकसान झालं तर आपल्या खिशातून किती जाणार, हा आकडा घरूनच वाचून जा आणि विम्याचं घरीच ठरवून ठेवा. डिझेल गाडी घेतली तर तिकडं किलोमीटरमागं वेगळा रस्ताकर आहे, तो भाड्यात धरलाय का ते विचारा.

एकेरी पुलांची सवय होईपर्यंत जपा. लाल कडेची गोल पाटी आणि आपल्या दिशेचा बाण लहान, लाल असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. निळ्या पाटीवर आपला बाण मोठा, पांढरा असेल तर आपला हक्क पहिला. पहिल्या पुलावर यांनी गाडी थांबवली, समोरून आलेल्या ट्रकवाल्यानं हात वर केला आणि पुढं गेला. हॉर्न कुणी वाजवला नाही. खुल्या रस्त्यावर मर्यादा ताशी १००, गावात ५०. आम्ही ऐंशी-नव्वदनं चालायचो आणि मागं गाड्या साठल्या की बाजूला घेऊन वाट द्यायचो. घाई नसेल तर हे जमायला काहीच कठीण नाही.

मोठा गट असेल, किंवा बरोबरच्या कुणालाच गाडी चालवायची नसेल, तर एवढा खटाटोप करू नका, टूर बरी. हिवाळ्यात जाणाऱ्यांनीही विचार करावा. मे ते नोव्हेंबर मिलफर्डच्या रस्त्यावर चाकाला लावायच्या साखळ्या बरोबर ठेवाव्या लागतात, आणि बर्फाची सवय आपल्याला नाही. तुम्हा दोघांनाही गाडी येत असेल तर मात्र हा नकाशा आजच उघडा.

तो शेअर करताना एक सेटिंग आधी बघा. लिंक ज्याच्याकडं जाईल त्याला नकाशा दिसेल, असं ठेवू नका. त्यात तारखा असतात, मुक्काम असतो, आणि त्या दिवसांत लातूरचं घर बंद आहे हेही असतं. परवानगी नावानिशी द्या. आम्ही लेकीला आणि शेजारच्या वहिनींना दिली होती. वहिनी रोज रात्री कुठं पोचलो ते नकाशात बघून दुसऱ्या दिवशी आईंना जाऊन सांगायच्या.