तुटलेली दाढ, रूट कॅनॉल आणि झिर्कोनियाची कॅप: काही महिने चावून झाल्यावर

कॅप (दातावर बसवायचं टोपण) बसवली त्याच दिवशी लिहिलेले अनुभव भरपूर वाचायला मिळतात. पण त्या दिवशी तोंड पुष्कळदा बधिर असतं, मत कशावर देणार? म्हणून मी थांबलो. खालच्या डाव्या दाढेवरच्या झिर्कोनियाच्या (एका कणखर पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅपने आता बरेच महिने खाणं झालंय.

दाढेत जुनं, मोठं फिलिंग होतं आणि त्याच्या कडेने जिभेकडची बाजू उडाली. पहिल्या दिवशी कामाला आलेल्या गोष्टी साध्याच होत्या: कोमट पाण्याच्या चुळा, गालावर बाहेरून बर्फ, पॅरासिटामॉल. खरा आराम मात्र मेणाने दिला. ब्रेसेसवाले तारेवर लावतात ते ऑर्थोडॉन्टिक मेण टोकदार कडेवर दाबून बसवलं आणि जीभ सोलवटायची थांबली. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी धरायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तो ऐकू नका, आतली त्वचा भाजून निघते. लवंगेच्या तेलाने ठणका थोडा दबतो, पण त्यातलं युजेनॉल कॉम्पोझिटला (दाताच्या रंगाच्या फिलिंगला) नीट कडक होऊ देत नाही. लावलं असेल तर डेंटिस्टला आधी सांगा.

तुटलेला तुकडा दुधात घालून नेला होता. दाढेच्या बाबतीत त्याचा उपयोग झाला नाही, पण समोरच्या दाताचा तुकडा पुष्कळदा परत चिकटवता येतो, त्यामुळे टाकू नये. अख्खा पक्का दात मुळासकट बाहेर आला तर मात्र मिनिटं मोजायची वेळ असते. मुळाला बोट न लावता वरच्या भागाला धरायचा, मळला असेल तर क्षणभर धुवायचा, जागच्या जागी बसवायचा. जमलं नाही तर दुधात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात डेंटिस्ट गाठायचा. लहान मुलांचा दुधाचा दात परत बसवत नाहीत.

उपचार ठरतो तो तूट किती खोल गेली त्यावर. नुसत्या इनॅमलचा (बाहेरच्या कडक थराचा) टवका असेल तर कड घासून गुळगुळीत केली की झालं. आतलं डेंटिन उघडं पडलं तर कॉम्पोझिट. मुळाला उभी चीर गेली असेल तर बहुतेक वेळा दात काढावाच लागतो. माझ्या दाढेत थंड पाण्याची कळ पाणी गिळून झाल्यावरही रेंगाळायची आणि रात्री काही न लागता ठणकायचं. ही आतली नस बरी न होण्याइतकी सुजल्याची लक्षणं, म्हणून रूट कॅनॉल, म्हणजे नस काढून आतली पोकळी भरणं. तो भाग भीती वाटते तसा अजिबात नव्हता; भूल लागली होती आणि सगळ्यात कंटाळवाणं काम तोंड उघडं ठेवणं हेच होतं.

मग आला कॅपचा प्रश्न. धातूवर सिरॅमिक, झिर्कोनिया की लिथियम डायसिलिकेट (काचेसारखं, जास्त नैसर्गिक दिसणारं सिरॅमिक), यावर लोक तावातावाने भांडतात. इतके महिने वापरल्यावर मला तो वाद बराचसा फुकटचा वाटतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हिरडीच्या वर सलग, निरोगी दात किती उरलाय? कॅपच्या कडेच्या आत सगळीकडून साधारण दीड ते दोन मिलिमीटर भिंत मिळाली, तर कॅप तिला पिंपाच्या कड्यासारखी आवळून धरते. ती नसेल तर महागातली कॅपही निघते, किंवा खालचा दातच मोडतो. माझ्याकडे तुटलेल्या बाजूला जेमतेम तेवढी होती.

तात्पुरती कॅप एकदा निघाली. ती कच्च्या सिमेंटवरच असते, त्यामुळे तिच्याशेजारी फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) वर उचलायचा नाही, बाजूने ओढून काढायचा. पक्की कॅप भूल नसताना बसवली तरी दोन दिवस चावताना तीच आधी टेकायची. परत गेल्यावर निळ्या कागदावर चावायला लावून उंच ठिकाण घासलं. इथे एक गोष्ट हट्टाने मागा: घासल्यावर पॉलिश. झिर्कोनिया खरखरीत राहिला तर त्यावर टेकणारी वरची दाढ झिजते. ‘सवय होईल’ हे उत्तर उंच कॅपसाठी चालवून घेऊ नका. मार बसत राहतो तो मुळालाच.

आता रोजचं. दोन्ही बाजूंनी चावतो, कॅप आहे हे विसरायला होतं. रंग शेजारच्या दाढेपेक्षा थोडा जास्त अपारदर्शक पांढरा आहे. मागे आहे म्हणून चालतंय, समोरच्या दातासाठी मी लिथियम डायसिलिकेटचा विचार केला असता. शेजारच्या दाढेच्या फटीत अन्न अडकतं, ही माझी एकमेव तक्रार. रात्री इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) फिरवला नाही तर सकाळी तिथली हिरडी लाल दिसते.

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. आणि रूट कॅनॉल झालेल्या दाढेला थंड-गरम कळत नाही, त्यामुळे आत कीड पोचली तरी ती ओरडणार नाही. म्हणून न दुखताही तपासणी आणि डेंटिस्ट सांगतील तेव्हा एक्स-रे चालू ठेवलाय. झोपेत दात खाण्याची सवय असल्याने रात्री नाइट गार्डही (दातांवर घालायचं संरक्षक आवरण) लावतो. फट अशीच त्रास देत राहिली तर कॅप बदलून घट्ट करावी लागेल, असं डेंटिस्टनी सांगून ठेवलंय. तूर्त तरी ब्रशवर भागतंय.